वाचकांचे प्रश्न : घरच्या इंटरनेटची दुसरी वाट

प्रश्न : आम्ही मुलुंडला एका सातमजली इमारतीत राहतो. सूनबाई घरून काम करतात आणि नातवाची शिकवणीही ऑनलाइन असते. समोरच्या रस्त्याचे काँक्रिटीकरण सुरू झाल्यापासून ब्रॉडबँड वारंवार बंद पडते आणि वीज गेली की तेही जाते. आमचा केबलवाला आणखी एक कनेक्शन सवलतीत देतो म्हणतो. ते घ्यावे, की इन्व्हर्टर बसवावा?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : केबलवाल्याचे दुसरे कनेक्शन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या दोन्ही तारा बहुधा एकाच मार्गाने इमारतीत येणार, त्यामुळे खोदकामात एक तुटली की दुसरीही तुटेल आणि आपण दरमहा दोन बिले भरूनही घरी बसलेल्या माणसाचे काम थांबेलच. कंपनी वेगळी असली तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही, कारण अनेक इमारतींत सगळ्यांच्याच तारा एकाच डक्टमधून किंवा शेजारच्या गच्चीवरून ओढलेल्या असतात. पर्यायी सोय घ्यायची तर ती जमिनीतून वा खांबावरून न येणारी, म्हणजेच मोबाइल नेटवर्कवर चालणारी असावी.

मात्र त्याआधी बिघाड कुठला आहे हे ओळखायला शिकावे. फायबरच्या (प्रकाशाने संकेत वाहणाऱ्या काचेच्या तारेच्या) घरातल्या डब्यावर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे बहुधा बाहेर तार तुटलेली आहे आणि घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. डबाच बंद असेल, तर प्रश्न विजेचा आहे आणि तो कमी खर्चात सुटतो.

निव्वळ इंटरनेटसाठी मोठ्या इन्व्हर्टरची गरज नाही. राउटरला साधारण १० वॅट वीज लागते आणि तेवढ्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे वीज जाताच बॅटरीवर चालणारा डबा, पुरतो. तो घेताना राउटरच्या अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे वाचून तेच जुळवावेत, तसेच पिनेचा आकारही पाहावा. खोक्यावरच्या मोठ्या एमएएचच्या (बॅटरीच्या क्षमतेच्या) आकड्याला भुलू नये, कारण तो बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो : १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास, आणि त्यातील घट वजा जाता १० वॅटचा राउटर सुमारे तीन तास चालतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज द्यावी लागेल, हे हिशेबात धरावे.

इथे एक गोष्ट केबलवाल्याला आवर्जून विचारावी. फायबर थेट आपल्या घरातल्या डब्यापर्यंत येत असेल, तर वाटेतल्या स्प्लिटरला (एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला) वीज लागत नाही आणि इमारतीची वीज गेली तरी इंटरनेट चालू राहू शकते. पण जिन्यात किंवा गच्चीवर स्विच (इंटरनेट अनेक घरांत वाटणारे यंत्र) बसवून तिथून प्रत्येक घरात तांब्याची तार दिलेली असेल, तर तो स्विच इमारतीच्या विजेवर चालतो. त्याला बॅटरी नसेल तर आपल्या घरच्या यूपीएसचा काहीही उपयोग होणार नाही. तशी बॅटरी बसवण्याची मागणी सोसायटीने एकत्रितपणे करावी.

पर्यायी सोयीसाठी, घरातल्या फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचे सिमकार्ड घ्यावे आणि ते सूनबाई ज्या खोलीत काम करतात तिथेच तपासावे, कारण एकाच इमारतीत रस्त्याकडच्या आणि मागच्या खोलीतल्या सिग्नलमध्ये फार फरक पडतो. अधूनमधून लागणाऱ्या गरजेला फोनचा हॉटस्पॉट पुरेसा आहे. जिओ आणि एअरटेल यांनी २०२३ मध्ये मुंबईत आणलेली एअरफायबर सेवा बिनतारी असली, तरी तिच्या यंत्रालाही वीज लागते आणि दरमहा भाडे भरावे लागते. रोजची नोकरीच त्यावर अवलंबून असेल तरच ती घ्यावी. अशा वेळी दोन इंटरनेट जोडता येतील असा राउटर घेतल्यास एक बंद पडताच दुसरे आपोआप सुरू होते, मात्र त्या क्षणी चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटून पुन्हा जोडावा लागू शकतो.

मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही अमर्याद नसतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकलही थांबल्या, तशा दिवशी सगळा परिसर एकदम मोबाइल डेटाकडे वळतो आणि वेग घसरतो. म्हणून सूनबाईंनी अशा वेळी कॅमेरा बंद ठेवून केवळ आवाजावर बैठक करावी, आणि फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप व संगणकाचे अपडेट थांबवावेत. पर्यायी सिमचे रिचार्ज संपू देऊ नये. सगळी जुळणी झाल्यावर एखाद्या रविवारी मुद्दाम आधी राउटरची वीज आणि मग फायबरचे कनेक्शन काढून पाहावे. नातवालाही ते शिकवून ठेवावे, म्हणजे घरात मोठे कोणी नसताना त्याची शिकवणी अडणार नाही.