वास न येणाऱ्या मोज्यांमधले चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) पाण्यात जातात का?
हो, जातात. २००८ साली अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी असे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले. काहींमधली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली, काहींनी मात्र ती धरून ठेवली.

हे पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पोचलं, तर बरीचशी चांदी गंधकाशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड बनते, गाळात बसते आणि तिचा विषारीपणा खूप घटतो. पण आपल्याकडे बरंचसं सांडपाणी प्रक्रियेविनाच नदीत सोडतात, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अणू) घामातले जंतू मारतात, तसे पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीवही मारू शकतात. सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचंही थोडंफार असंच आहे. मोज्यांपुरतं म्हणाल, तर रोज धुतलेला सुती जोड पुरतो.