‘सुरक्षित आहे’ असे मी कळवले होते

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. वय 43. कंपनीने 2015 च्या अखेरीस मला ब्रुसेल्सला पाठवले होते. 22 मार्च 2016 रोजी सकाळी मेरोद स्थानकावर नेहमीची मेट्रो पकडून मी कामाला निघालो होतो. मालबेक स्थानकातून गाडी सुटता सुटता मधल्या डब्यात स्फोट झाला. मी शेवटच्या डब्यात होतो. दिवे गेले, धूर भरला, कोणीतरी दार ओढून उघडले आणि आम्ही बाहेर पडलो. मला खरचटलेसुद्धा नाही. बाहेर पडताना खाली पडलेल्या एका माणसाने माझ्याकडे हात पुढे केला होता. मी थांबलो नाही. दुपारी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने ईमेलवर खुशाली विचारली, तेव्हा ‘सुरक्षित’ एवढा एकच शब्द लिहून पाठवला आणि पुढच्या आठवड्यात कामावर रुजू झालो.

तेव्हापासून उजव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजू लागले की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसतो. मुंबईत लोकलने जात नाही. झोप यावी म्हणून ओळखीच्या औषध दुकानातून गोळी आणतो. आई म्हणते, ‘देवाने वाचवलं, आता विसर.’ त्या माणसाविषयी पत्नीलाही सांगितलेले नाही. आता कंपनी मला वर्षभरासाठी नेदरलँड्सला पाठवू इच्छिते. मला इजाच झाली नव्हती, तर इतकी वर्षे हा त्रास का व्हावा? आणि आता यावर काही उपाय आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तेच ऐकण्यासाठी तुम्ही इतकी वर्षे थांबला आहात. उपाय आहे, आणि उशीर झाला म्हणून तो निष्फळ ठरत नाही. मात्र त्याआधी ‘मला इजाच झाली नव्हती’ हे तुमचे वाक्य मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सविस्तर सांगायला हवे.

कानापासून सुरुवात करू. बंद डब्यात किंवा बोगद्यात स्फोट झाला की हवेच्या दाबाची लाट भिंतींवर आपटून परतते आणि उघड्या जागेपेक्षा अधिक वेळ शरीरावर आदळत राहते. अशा लाटेने सर्वांत आधी इजा होते ती कानाला. अंगावर ओरखडा नसलेल्या माणसाचा पडदा फाटू शकतो, आतल्या कानातील सूक्ष्म पेशींना कायमची हानी पोहोचू शकते, आणि वर्षानुवर्षे न थांबणारी शिट्टी ही त्याच हानीची खूण असू शकते. तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या, आणि ‘कानात आवाज येतो’ एवढेच न सांगता ‘बंद जागेतील स्फोटानंतर येऊ लागला’ असे स्पष्ट सांगा. त्या दिवशी तुमच्या शरीराला काही झाले होते, याची पहिली लेखी नोंद कदाचित तिथेच होईल.

बाकीची लक्षणे, म्हणजे फटाक्यांनी होणारी घालमेल, आगगाडी टाळणे, झोपेची मोडतोड आणि एका प्रसंगाविषयी कोणाशीच बोलता न येणे, ही आघातपश्चात ताणविकाराकडे, म्हणजे ज्याला सर्वत्र पीटीएसडी म्हणतात त्याकडे, बोट दाखवतात. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. परंतु मनोविकारतज्ज्ञाची भेट पुढे ढकलू नका, इतके निश्चित सांगेन. प्राणघातक प्रसंगानंतर पहिले काही आठवडे दचकणे, दुःस्वप्ने, रडू येणे हे बहुतेकांना होते आणि पुष्कळांचे ते आपोआप ओसरते. महिन्यानंतरही ते टिकले आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागले, तर त्याला आजार म्हणतात. माणूस प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या वाटा एकेक करून बंद करतो, आज लोकल, उद्या फटाके, परवा परदेश. प्रत्येक वेळी त्याला क्षणभर बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यामुळेच भीतीला खोटे ठरण्याची संधी मिळत नाही. तुमचे इतकी वर्षे हेच चालले आहे, आणि त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही.

आता त्या माणसाविषयी. तुम्ही पत्रात त्याला एका वाक्यात उरकले आहे, पण मला तर सारे पत्र त्याच वाक्याभोवती लिहिलेले वाटले. त्या सकाळी, तुमच्या गाडीतील स्फोटाच्या आधी, ब्रुसेल्सच्या झावेंतेम विमानतळावर सात वाजून 58 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, थोड्याच अंतराने दुसरा झाला, आणि तिसरा बॉम्ब न फुटता तिथेच पडून राहिला; तो बॉम्बनाशक पथकाने नंतर नष्ट केला. एका स्फोटामागे दुसरा येऊ शकतो, म्हणून ज्याला चालता येते त्याने आधी बाहेर पडावे, असेच बचावपथके सांगतात. तुमच्या पायांनी जे केले, ते तेच होते. तो निर्णय तुम्ही विचार करून घेतला नाही. अशा क्षणी शरीर विचाराच्या आधी धावते, गोठते किंवा प्रतिकार करते, आणि यांपैकी काय होईल हे त्या माणसाच्या चांगुलपणावर ठरत नाही. तरीही तुम्हाला अपराधी वाटते, आणि ‘असे वाटून घेऊ नका’ म्हणून ते जाणार नाही. त्या हातामागच्या माणसाची आठवण तुम्ही इतकी वर्षे एकट्याने सांभाळली आहे. ती आता उपचारकाच्या खोलीत आणि, तुमची तयारी झाल्यावर, पत्नीजवळ बोलून दाखवायची आहे. तुम्हाला रागही येत असेल, असे मला वाटते. विमानतळावरील स्फोटानंतर 73 मिनिटे उलटली तरी मेट्रो धावतच होती. ती आधीच का थांबवली गेली नाही, हा प्रश्न बेल्जियमच्या संसदेने नेमलेल्या चौकशी समितीपुढेही आला होता. हा राग रास्त आहे, आणि बरे होण्यासाठी कोणाला क्षमा करावी लागते असे मी मानत नाही.

विमानतळ आणि मालबेक या दोन ठिकाणी मिळून 32 निरपराध माणसे मृत्युमुखी पडली आणि 300 हून अधिक जखमी झाली. मालबेकला मृत्यू पावलेल्यांत कामासाठी तिथे राहणारा इन्फोसिसचा एक तरुण अभियंता होता. विमानतळावर जखमी झालेल्या मुंबईच्या एका हवाई कर्मचारी महिलेचे, धुळीने माखलेल्या पिवळ्या गणवेशातील छायाचित्र जगभर छापले गेले. अशी छायाचित्रे पाहिलेल्या माणसाला स्वतःच्या त्रासाविषयी बोलण्याची लाज वाटते, हे मी अनेक रुग्णांत पाहिले आहे. आपल्याकडे ही लाज अधिक घट्ट बसते. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, दुसऱ्या दिवशी लोक त्याच गाड्यांनी कामावर गेले, आणि साऱ्या देशाने त्याला शहराची जिद्द म्हटले. त्या गाड्यांत पुन्हा चढू न शकलेल्यांना मात्र त्या कौतुकात जागा उरली नाही. ब्रुसेल्सच्या या हल्ल्यांच्या खटल्याविषयी तुम्ही वाचले नसेल, तर एवढे जरूर जाणून घ्या : 5 डिसेंबर 2022 रोजी नाटोच्या जुन्या मुख्यालयाच्या आवारात तो सुरू झाला, 25 जुलै 2023 रोजी ज्यूरीने निकाल दिला, आणि मधल्या काळात वाचलेल्यांच्या साक्षी झाल्या. त्यांत अंगावर एकही व्रण नसलेली माणसेही होती, आणि न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. तुमचे म्हणणे अजून कोणीच ऐकलेले नाही.

उपचारांत आघातकेंद्री वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आघाताची आठवण हाताळण्याची पद्धत) या दोन पद्धतींचा आधार सर्वांत भक्कम आहे. पहिल्या पद्धतीत साधारणपणे आठ ते बारा बैठका लागतात, मात्र जुन्या दुखण्याला अधिक लागू शकतात. त्यांत प्रसंग थोडा थोडा, सुरक्षित जागी बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितला जातो, आणि टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परतले जाते. काहींना नैराश्यावरील ठराविक औषधांचाही उपयोग होतो. झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय आणणे थांबवायला हवे, पण एकदम नव्हे : ती अचानक सोडल्यास त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना गोळीचे नाव सांगून त्यांच्या सल्ल्याने कमी करा. पुण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आधी केवळ बोलायचे असल्यास 14416 या टेलिमानस, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, दिवसरात्र बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय राखली जाते आणि विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे लागते.

नेदरलँड्सचा निर्णय आज घेऊ नका. तिथे जाणे ही तुमच्या धैर्याची परीक्षा नाही आणि नकार हा पराभव नाही. ‘वैद्यकीय कारणासाठी तीन-चार महिन्यांची मुदत हवी’ एवढे कंपनीला कळवणे पुरेसे आहे.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. कामावर जाता-येता झालेला अपघात बेल्जियमच्या 1971 च्या कायद्यात कामावरील अपघातासारखाच धरला जातो. मात्र भारत आणि बेल्जियम यांच्यातील, 1 सप्टेंबर 2009 पासून लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा करारामुळे भारतातून पाठवलेल्या पुष्कळ कर्मचाऱ्यांची वर्गणी भारतातच भरली जाते, म्हणून तुमची वर्गणी कोठे भरली जात होती हे आधी कंपनीकडून लेखी मागवा. हिंसक गुन्ह्यांतील पीडितांना अर्थसाहाय्य देणारा आयोग बेल्जियमच्या न्याय मंत्रालयाकडे आहे. मुंबईतील बेल्जियमच्या वाणिज्य दूतावासाकडे त्याविषयी चौकशी करा आणि मुदतीचा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारा. त्या काळातील पारपत्र, घरभाड्याचा करार, मेट्रोचा पास आणि ‘सुरक्षित’ असे लिहिलेली ती ईमेल हे सारे एका जागी ठेवा. ती ईमेल तुमच्या विरुद्ध जाईल अशी भीती बाळगू नका. त्या दिवशी तुम्ही ब्रुसेल्समध्ये होता, हे तिच्यावरूनही दिसते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ परदेशात नोकरीला होता. तिथल्या गोळीबारातून वाचून तो मागच्याच आठवड्यात घरी आला आहे. तो गप्प असतो. नातेवाईक भेटायला येतात आणि काय घडले ते त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. मी काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सर्वप्रथम ही रीघ थांबवा. ‘तो विश्रांती घेतो आहे’ असे दारातच सांगण्याचे काम तुमच्याकडे घ्या, आणि वार्ताहर आले तर त्यांनाही तेच उत्तर द्या. प्रसंगानंतर लगेच एकाच बैठकीत सारे बोलायला लावल्याने आजार टळतो, अशी समजूत पूर्वी डॉक्टरांतही होती. अभ्यासांत ते खरे ठरले नाही, आणि काहींचा त्रास उलट वाढला. तो आपणहून बोलला तर ऐका, मध्येच ‘पण तू वाचलास ना’ असे म्हणू नका. गप्प बसला तर जवळ बसा. जेवणाची आणि झोपेची वेळ पूर्वीसारखी ठेवा, बातम्यांची वाहिनी बंद ठेवा, आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्यांकडे तो वळतो आहे का याकडे लक्ष असू द्या. तिथल्या पोलिसांची व रुग्णालयाची कागदपत्रे त्याला न विचारता आवरून टाकू नका. पुढे भरपाईसाठी तीच लागतील.

महिना उलटूनही तो दचकून उठत असेल, घराबाहेर पडत नसेल, तर त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. जगण्यात अर्थ नाही असे तो एकदाही बोलला, तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी घेऊन जा आणि त्याला एकटे सोडू नका.