शाळा फुकट असेल तर घरपट्टी एवढी का?

ताई, तुमचा प्रश्न मी समजले तो असा. यजमानांची बदली न्यू जर्सीला होते आहे. मुलगी पाचवीत आहे, मुलगा पुढच्या वर्षी शाळेत जायला लागेल. क्रॅनबरी आणि प्लेन्सबरो ही दोन गावं तुमच्या मनात आहेत. शाळा सरकारी आणि फुकट, मग घरपट्टी वर्षाला दहा हजार डॉलर कशी, हे तुम्हाला उमगत नाही. आणि एकाच शाळेच्या क्रॅनबरीत घर करणं जोखमीचं ठरेल का, अशी धास्ती आहे. मी याच मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), एका लहान गावात चौदा वर्षं राहते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार राज्य सरकारकडून येतो. गावात पाऊसपाणी चांगलं झालं काय किंवा दुष्काळ पडला काय, पगार तोच. शाळा व्यवस्थापन समिती असते, पण शिक्षक नेमणं किंवा त्यांचा पगार ठरवणं तिच्या हातात नसतं. न्यू जर्सीत नेमकं हेच गावाच्या हातात आहे. राज्यात ५६४ नगरपालिका आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट जवळपास सहाशे. डिस्ट्रिक्ट हा शब्द ऐकून आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणू नका. कित्येकदा डिस्ट्रिक्ट म्हणजे एक गाव, आणि कधी त्या गावातली एकच शाळा.

कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशन पाहतं. बहुतेक बोर्डांत ९ सदस्य, मुदत ३ वर्षं, दर वर्षी ३ जागांची निवडणूक. मानधन एक पैसाही नाही आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही. उभं राहायला मतदारयादीत नाव, गावात किमान एक वर्षाचा रहिवास, लिहिता-वाचता येणं आणि गावातल्या काही मतदारांच्या सह्या लागतात. बोर्ड सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या शाळांचा मुख्य अधिकारी, नेमतं, शिक्षकांच्या युनियनशी पगाराचा करार करतं आणि बजेट मंजूर करतं. वर्गात काय चाललंय यात सदस्यांनी रोज हात घालायचा नसतो. शाळा चालवणं हे त्यांचं काम नाही, ती नीट चालते आहे ना हे पाहणं त्यांचं काम, असं त्यांच्या आचारसंहितेतच लिहिलं आहे. लहान गावात सुपरिंटेंडंट आणि मुख्याध्यापक कधी कधी एकच व्यक्ती असते, आणि हिशेब सांभाळणारा बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर शेजारच्या गावाबरोबर वाटून घेतलेला असतो.

आता पैसा. तुमच्या घरपट्टीत मुख्य वाटे तीन: नगरपालिका, काउंटी आणि शाळा. राज्याचा एकूण हिशेब पाहिला तर निम्म्याहून थोडी जास्त रक्कम शाळेला जाते. राज्यातलं सरासरी बिल २०२४ मध्ये पहिल्यांदाच दहा हजार डॉलरच्या वर गेलं. म्हणजे शाळा फुकट नाही. फी मुलामागे न घेता घरामागे घेतली जाते, मग त्या घरात मूल असो वा नसो. भाड्याने राहिलात तरी घरमालक ती भाड्यातून वसूल करतोच.

इथे आपल्या लोकांचा एक गैरसमज मी वारंवार पाहिला आहे. घरांच्या किमती वाढल्या की शाळेला आपोआप जास्त पैसे मिळतात, असं वाटतं. तसं होत नाही. बोर्ड आधी एकूण रक्कम ठरवतं, तिला लेव्ही म्हणतात, आणि मग ती सगळ्या मालमत्तांवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. समजा, गावातल्या सगळ्या मालमत्तांची करपात्र किंमत १०० कोटी डॉलर आणि शाळेची लेव्ही १ कोटी २० लाख. मग दर झाला शंभर डॉलरला १.२० डॉलर, आणि पाच लाखांच्या घराला शाळेचे ६,००० डॉलर. उद्या सगळ्याच घरांच्या किमती दुप्पट लावल्या तर दर निम्मा होईल आणि शाळेच्या हातात तेवढेच पैसे राहतील. बदल होतो तो कोण किती भरणार यात. म्हणूनच गावात गोदामं, कार्यालयं असणं फार महत्त्वाचं. ती कर भरतात आणि शाळेत मुलं पाठवत नाहीत. टर्नपाइक या महामार्गाच्या ८ए एक्झिटजवळची प्रचंड गोदामं क्रॅनबरीला अशीच उपयोगी पडतात.

ही लेव्ही मनाला येईल तशी वाढवता येत नाही. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांच्या काळात २०१० मध्ये कायदा झाला आणि वार्षिक वाढीला २ टक्क्यांची मर्यादा आली. विद्यार्थी वाढले किंवा आरोग्यविम्याचा आणि पेन्शनचा खर्च फार चढला तर सवलत मिळते, पण त्यापलीकडे जायचं असेल तर मतदारांना वेगळा प्रश्न विचारावा लागतो. वरच्या उदाहरणातल्या गावात २ टक्के म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार डॉलर. त्यातून शिक्षकांची पगारवाढ, विमा, बस, वीज, सगळं भागवायचं. अशा गावात एखाद्या गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाला बाहेरच्या विशेष शाळेत ठेवावं लागलं आणि त्याचा खर्च एक लाख आला, तर वाढीव पैशातला ४० टक्क्यांहून जास्त भाग एका निर्णयात संपतो. खासगी विशेष शाळेसाठी ५५,००० डॉलरच्या वरच्या खर्चाचा काही भाग राज्य परत करतं, सगळा नाही. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये हा खर्च पचून जातो, लहान गाव हादरतं. मी हे अगदी मनापासून सांगते: त्या मुलाचा तो हक्क आहे, १९७५ पासून संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने दिलेला, आणि बोर्डाच्या सभेत कोणी त्या कुटुंबाकडे बोट दाखवायला लागलं तर आपण त्यात सामील होऊ नये. दोष असेल तर एवढ्या लहान गावावर एवढा मोठा भार टाकणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

राज्याकडून मिळणाऱ्या पैशामागे मोठा इतिहास आहे. सर्व मुलांसाठी 'संपूर्ण आणि कार्यक्षम' मोफत शाळा चालवणं राज्याच्या घटनेत १८७५ पासून आहे. पण घरपट्टीवर शाळा चालल्या की श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरिबाची गरीब. १९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन विरुद्ध केहिल या खटल्यात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ पैशाची सोय करेना, तेव्हा जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने शाळांवरचा खर्चच थांबवला, आणि आठवडाभरात राज्यात आयकर आला. पुढे ॲबट विरुद्ध बर्क या खटल्यातून नुअर्क, कॅम्डेनसारख्या ३१ गरीब डिस्ट्रिक्टना विशेष मदत मिळाली. आजचं सूत्र २००८ च्या कायद्याचं आहे. मुलांच्या संख्येवरून आणि गरजांवरून पुरेसा खर्च किती ते काढायचं, गावाच्या मालमत्तेवरून आणि उत्पन्नावरून त्याला किती झेपेल ते काढायचं, आणि राहिलेली तूट राज्याने भरायची. संपन्न गावाच्या वाट्याला यातून फारसं काही येत नाही. २०१८ च्या कायद्याने सूत्रापेक्षा जास्त मदत मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या मदतीत सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कपात केली, आणि काही ठिकाणी शिक्षक कमी करावे लागले. संघराज्याचा वाटा थोडाच असतो.

इमारत बांधायची किंवा मोठी दुरुस्ती करायची तर कर्जाच्या रोख्यांसाठी सार्वमत घ्यावं लागतं. त्या कर्जाचा हप्ता २ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर असतो. घर घेण्याआधी गावात असं सार्वमत नुकतंच झालंय का, हे जरूर विचारा.

आता तुमची दोन गावं. क्रॅनबरीची लोकसंख्या चार हजारांच्या आत. आठवीपर्यंत एकच शाळा. नववीपासून मुलं प्रिन्स्टन हायस्कूलला जातात आणि त्यांची फी क्रॅनबरी भरतं. प्रिन्स्टनच्या बोर्डावर क्रॅनबरीचा एक प्रतिनिधी बसतो आणि ठरावीक विषयांवर मत देतो. म्हणजे हायस्कूलच्या कारभारात गावाचा आवाज आहे, पण लहान. प्लेन्सबरो मात्र वेस्ट विंडसरसोबत एकाच मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे, दोन हायस्कूलं त्याची स्वतःची. तिथे विषय जास्त, खेळ जास्त, आणि एखादा धक्का सोसायची ताकदही जास्त. क्रॅनबरीत सुपरिंटेंडंट तुमच्या मुलीला नावाने ओळखण्याची शक्यता मोठी. मी स्वतः लहान गाव निवडलं आणि पुन्हा तेच निवडेन, पण एका अटीवर: बोर्डाच्या सभांना जायची तयारी हवी.

ही अट मी अनुभवातून घालते. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये मुलगी घरी येऊन रडली. स्पॅनिशच्या बाई पुढच्या वर्षी नसणार होत्या. मी चिडून चौकशी केली तेव्हा कळलं की मार्चमधल्या कच्च्या बजेटमध्येच ते पद गेलं होतं, एप्रिलअखेर जाहीर सुनावणी झाली होती आणि सभागृहात सात-आठ माणसं होती. आम्ही एवढे आपले लोक गावात, त्यातलं कोणीही नव्हतं. कोणी लपवलं नव्हतं. सगळं संकेतस्थळावर होतं.

म्हणून हा क्रम लक्षात ठेवा. साधारण फेब्रुवारीअखेर गव्हर्नर राज्याचं बजेट मांडतात, दोन-तीन दिवसांत राज्याच्या मदतीचे आकडे येतात, मार्चमध्ये कच्चं बजेट, एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला सुनावणी, १ जुलैला नवं आर्थिक वर्ष. बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला नेलेल्या गावांत, आणि बहुतेकांनी ती नेली आहे, २ टक्क्यांच्या मर्यादेतल्या बजेटवर मतदान होतच नाही. त्यामुळे ती सुनावणी हीच बोलायची खरी जागा. नागरिक नसाल तर मत देता येणार नाही, पण सभेत उभं राहून बोलायला व्हिसा आड येत नाही. पत्ता सांगायचा आणि बोलायचं. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, असताना, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, लायब्ररीच्या तासांबद्दल बोलले होते आणि तो मुद्दा इतिवृत्तात आला.

प्रवेशासाठी व्हिसा कोणता हे पाहत नाहीत, रहिवास पाहतात. भाडेकरार, वीजबिल, मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरणाच्या नोंदी, मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरासह, हातातल्या सामानात ठेवा. मुलाला १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण होत असतील तर शाळेला त्याला किंडरगार्टनमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, त्याच वर्षी घ्यावंच लागतं. त्याची जन्मतारीख कळवा, म्हणजे भाडेकरार कुठल्या महिन्यापासून करावा ते सांगते.