धाकट्याला पट्टी कळते, थोरल्याला का नाही?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. माझे आजेसासरे भजनी मंडळात पेटी वाजवीत. माझा सात वर्षांचा धाकटा मुलगा पाठ करून बसला तरी वाजलेली पट्टी ‘काळी दोन’ की ‘पांढरी चार’ हे अचूक सांगतो. अकरा वर्षांचा थोरला सुरात गातो, पण त्याला पट्टी ओळखता येत नाही. तो लहान असताना पेटी नादुरुस्त होऊन माळ्यावर पडली होती. धाकट्याचे हे ज्ञान रक्तातले की सवयीचे? थोरल्याला गाण्याचे अंग नाही, असे नातेवाईक म्हणतात, ते खरे का?
— एक वाचक

उत्तर : माळ्यावरच्या पेटीचा उल्लेख आपण केलात, हे फार बरे झाले. कोणत्याही आधाराविना स्वराचे नाव सांगता येणे, म्हणजे निरपेक्ष स्वरज्ञान, हे बहुधा अगदी लहानपणी स्वर आणि त्याचे नाव यांची जोडी कानी पडत राहिली तरच रुजते. धाकट्याला ती संधी मिळाली, थोरल्याला मिळाली नाही.

रक्ताचा वाटा नाही असे मात्र नाही. हे ज्ञान काही कुटुंबांत अधिक आढळते, आणि 2009 मध्ये युरोपीय वंशाच्या कुटुंबांच्या अभ्यासात आठव्या गुणसूत्राच्या एका भागाशी त्याचा संबंध दिसला. अडचण अशी की घराण्याचे रक्त आणि घरातले गाणे मुलाला एकदमच मिळते. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणीच ध्वनिमुद्रिकांतले गाणे हुबेहूब गात. पण त्यांचे वडीलही गाणारे होते, तेव्हा यातले रक्ताचे किती आणि कानांवर पडलेले किती, हे कोण वेगळे काढणार?

ही गुंतागुंत सोडवायला मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांचे संशोधन उपयोगी पडते. चिनी भाषेत ‘मा’ हा एकच उच्चार सुराच्या चढउतारानुसार ‘आई’ किंवा ‘घोडा’ होतो. चौथ्या-पाचव्या वर्षी संगीत सुरू केलेल्या बीजिंगमधील विद्यार्थ्यांपैकी सुमारे 60 टक्क्यांना, तर अमेरिकेतील तशाच विद्यार्थ्यांपैकी सुमारे 14 टक्क्यांना निरपेक्ष स्वरज्ञान असल्याचे त्यांना 2006 मध्ये आढळले. पुढे त्यांनी पूर्व आशियाई वंशाचे, पण अशी भाषा सफाईने न बोलणारे विद्यार्थी तपासले, तेव्हा ते इतर अमेरिकनांसारखेच निघाले; म्हणजे तिथे वंशापेक्षा भाषेचे वजन अधिक ठरले. आपली मुले घरी मराठी आणि बाजारात कन्नड ऐकतात, परंतु या दोन्ही भाषांत सूर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो लाभ त्यांना नाही.

थोरल्याबद्दलचे नातेवाइकांचे मत मला मुळीच मान्य नाही. आपल्या संगीतात षड्ज, म्हणजे ‘सा’, कोणत्या पट्टीत धरायचा हे ठरलेले नसते. पुरुष काळी एकमध्ये गातील, स्त्रिया काळी पाचमध्ये, आणि राग तोच राहील. ‘सा’पासून पंचम किती अंतरावर हे कळणे, हाच इथला खरा कान, आणि सुरात गाणाऱ्या मुलाकडे तो आहेच. उलट पट्टी पक्की ओळखणाऱ्या मुलांना कधीकधी सा बदलला की अडखळायला होते, कारण त्यांना ओळखीच्या स्वराला नवे नाव द्यावे लागते.

म्हणून दोघांना एकत्र बसवा, तंबोऱ्याचा सा दर आठवड्याला बदला, आणि पट्टी न विचारता ‘हा पंचम की धैवत?’ एवढेच विचारा. पहिले उत्तर थोरल्याला देऊ द्या.