वांद्र्यात महागडे कॅफे आणि नटांची घरं सोडून बघण्यासारखं काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून येताय, मुक्काम ठाण्याला नातेवाइकांकडे आहे, एक दिवस वांद्रे पश्चिमेसाठी ठेवलाय आणि 'तिथे कॅफे नि नटांच्या घरांशिवाय काय आहे?' अशी शंका आहे. बरंच आहे. माझं ऑफिस काही वर्षं हिल रोडच्या आसपास होतं आणि जेवणाची सुट्टी मी बहुतेक आतल्या गल्ल्यांत काढायचो, म्हणून माझं माप त्या गल्ल्यांच्या बाजूने झुकलेलं आहे, हे आधीच सांगतो.

दादरला गाडी बदला, वांद्र्याला पश्चिमेला उतरा. सकाळी लवकर, शक्यतो आठच्या आत. दुकानं तेव्हा बंद असतात आणि तेच बरं. हिल रोडने चालत निघा आणि मध्येच आत वळून रणवार गाठा. कुणालाही 'वेरोनिका स्ट्रीट' किंवा 'वरोडा रोड' विचारा. आज ज्याला फॅशनेबल वांद्रे म्हणतात ते मुळात अशा गावठाणांचंच बनलेलं आहे: रणवार, पाली, चिंबई, शेर्ली. उतरत्या कौलांची घरं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, व्हरांड्यात आरामखुर्ची, आणि त्याच घराच्या तळमजल्यावर कॉफीचं किंवा कपड्यांचं झकपक दुकान.

ही घरं ईस्ट इंडियन लोकांची. नाव ऐकून बाहेरगावचा माणूस गोंधळतो, पण ही मंडळी इथलीच, मूळची उत्तर कोकणातली, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्यांनी हे नाव घेतलं, नोकरीसाठी आलेल्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिश्चनांपासून आपण वेगळे आणि स्थानिक आहोत हे सरकारदरबारी कळावं म्हणून. त्यांची बोली मराठीच आहे. एखादी आजी दारात दिसली तर मराठीतच बोला. कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस दिसतील; त्यांतले बरेच 1896 च्या प्लेगच्या साथीत, रोग गल्लीत शिरू नये म्हणून उभारलेले. आजही त्यांना फुलांचे हार असतात. फोटो जरूर काढा, पण कुणाच्या व्हरांड्यात चढून पोज देऊ नका. हल्ली हा प्रकार फार बोकाळलाय, आणि राहणाऱ्यांनी किती सोसायचं?

जवळच चॅपल रोडला भिंतींवर जुन्या हिंदी सिनेमाची मोठाली चित्रं आहेत. रणजित दहिया या चित्रकाराने 2012 च्या सुमारास हे काम सुरू केलं. ऊन-पावसात रंग उडतात, भिंती पाडल्या जातात, तेव्हा जे शिल्लक असेल ते बघायचं.

हिल रोडवर परत आलात की सेंट अँड्र्यूज चर्च. 1575 चं मानतात. आवारात एकाच दगडातून कोरलेला उंच क्रूस आहे. त्याच्या मागे समुद्राच्या बाजूला चिंबईचा कोळीवाडा. होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी. वास येणार, नाकाला रुमाल लावणार असाल तर जाऊ नका.

भूक लागली तर होली फॅमिली हॉस्पिटलजवळच्या हर्श बेकरीत रोल घ्या, उभ्या उभ्या खा. मग टेकडी चढून माऊंट मेरी. कोळी आणि ईस्ट इंडियन तिला मोत माउली म्हणतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याचा नवस असेल ते वाहायचं. वाहणारे सगळ्या धर्मांचे. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा असते. ती बघायची नसेल तर ते दिवस टाळा.

खाली उतरून लँड्स एंडला वांद्र्याचा किल्ला. 1640 चं पोर्तुगीज ठाणं, आता थोडीच तटबंदी उरलीय. 1739 मध्ये चिमाजी अप्पांची फौज वसईला भिडली होती. किल्ला मराठ्यांच्या हाती लागला तर तिथून मुंबईवर तोफा डागतील, या धास्तीने इंग्रजांनी पोर्तुगीजांना तो पाडायला लावला. तिथून समोर माहीमची खाडी आणि 2009 साली खुला झालेला सी लिंक दिसतो. बँडस्टँडच्या खडकांवर मात्र भरतीच्या वेळी उतरू नका, तिथे माणसं वाहून गेली आहेत. शाहरुखच्या घराच्या फाटकासमोर तासभर उभं राहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तो तास पाली गावात घालवीन.

खरेदी दुपारनंतर. लिंकिंग रोडला चपला, बॅगा, कानातली. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्याही खालून सुरुवात करा आणि चालू लागा. दुकानदार हाक मारतोच. पाणीपुरी हिल रोडच्या एल्को मार्केटमध्ये. गाड्यापेक्षा महाग आहे, पण बाहेरगावी पोट बिघडायची भीती असेल तर तिथेच खावी.

संध्याकाळ कार्टर रोडला. परतताना रिक्षा मिळायची मारामार असते आणि मिळाली तरी ती ट्रॅफिकमध्ये अडकते. त्यापेक्षा रस्त्याच्या उत्तर टोकापर्यंत चालत जा आणि खार रोड स्टेशन गाठा. तिथे फास्ट गाडी थांबत नाही, चर्चगेटची स्लो पकडून दादरला उतरा.