दहशतवादी हल्ल्यातल्या मृतांच्या नातेवाइकांमुळे सुरक्षेचे कायदे खरंच बदलतात का?

हो, बदलतात. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात नवरे गमावलेल्या न्यू जर्सीच्या चार जणी वॉशिंग्टनला खेटे घालत राहिल्या. त्यांतली एक २००२ साली संसदेच्या चौकशीत साक्षीला आली, तेव्हा ढिगाऱ्यात सापडलेली नवऱ्याची लग्नाची अंगठी तिच्या बोटात होती. एवढ्या दुःखात कागदपत्रं पालथी घालून नेमके प्रश्न विचारायचे, याला काळीज लागतं! बुश सरकारला हल्ल्याच्या चौकशीसाठी स्वतंत्र आयोग आधी नकोच होता. नोव्हेंबर २००२ मध्ये तो नेमावा लागला. त्याच्या शिफारशींवरून डिसेंबर २००४ मध्ये गुप्तचर यंत्रणांच्या फेररचनेचा कायदा झाला. पुढे २०१६ मध्ये कुटुंबांना हल्लेखोरांना मदत केल्याच्या आरोपावरून सौदी अरेबियावर खटला भरण्याची वाट मोकळी करणाऱ्या विधेयकावर ओबामांनी नकाराधिकार वापरला. संसदेनं तोही धुडकावला, सिनेटमध्ये तर ९७ विरुद्ध १ मतांनी.