डोळ्यांवरच्या जिवाणूंमुळे मुलांचा चष्म्याचा नंबर वाढतो का?

तुमच्या आठ वर्षांच्या मुलाचा नंबर वर्षभरात मायनस एकवरून पावणेदोनवर गेला, त्यात डोळ्यांवरच्या जिवाणूंचा हात असतो असं तुमच्या वाचनात आलं, म्हणून डोळे कशाने धुवावेत असं विचारलंय. कशानेही धुऊ नका. गुलाबजल, बोरिकचं पाणी, मध, काही नको.

मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते, डोळ्यांची डॉक्टर नाही. पण दरवर्षी प्रॅक्टिकलला एक स्वॅब माझ्या नाकात आणि एक खालच्या पापणीच्या आत फिरवून दोन प्लेटांवर (जिवाणू वाढवायच्या बशांवर) रेघा ओढते. दुसऱ्या दिवशी नाकाच्या प्लेटवर कॉलन्यांची नुसती गर्दी, डोळ्याच्या प्लेटवर मोजून तीन-चार पांढरे ठिपके. पोरं म्हणतात, मॅडम, स्वॅब नीट फिरला नाही. फिरलेला असतो. अश्रूंतलं लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडतं (फ्लेमिंगने ते १९२२ साली मांडलं, पेनिसिलिनच्याही आधी), आणि दर काही सेकंदांनी पापणीचा झाडू फिरतो तो वेगळाच. एवढ्यातून टिकतात ते बहुतेक त्वचेवरचेच: कॉरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस वगैरे.

ही मंडळी फुकट राहत नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये उंदरांवर झालेलं काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. डोळ्यावर एका जातीचं कॉरिनेबॅक्टेरियम असेल तर तिथल्या प्रतिकारपेशी सावध राहतात आणि स्यूडोमोनाससारख्या, डोळ्याला संसर्ग करणाऱ्या जंतूला उंदीर जास्त चांगलं तोंड देतो, असं त्यात दिसलं. धुवून काढायचं म्हणता ते हेच राखणदार.

आता नंबर. मायनस नंबर वाढतो तो बहुतेक वेळा डोळा मागच्या बाजूने लांबत गेल्यामुळे. एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच ते तीन नंबर. जिवाणू डोळ्याच्या पुढच्या अंगणात, लांबणं मागच्या परसात. चष्मा असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या डोळ्यांवरचे जिवाणू वेगळे निघाले, तरी आधी काय झालं ते त्यातून कळत नाही. चष्मा सारखा करताना पोरांचे हात दिवसभर तोंडाजवळ असतात. नंबर आटोक्यात ठेवायला कुणी रात्री खास लेन्स लावून झोपतं, कुणाला रोज थेंब चालू असतात, आणि पुष्कळ थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, जे मुळात जंतुनाशकच आहे. तेव्हा नंबरापायी जिवाणू बदलले, असंही असू शकतं.

बाहेरच्या उजेडाने नंबर टळायला मदत होते, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जास्तीची मोकळ्यावर काढायला लावली. तीन वर्षांत तिथल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. हा फायदा नंबर लागू नये म्हणून. लागलेला नंबर थोपवायला उजेड एकटा तितका पुरत नाही. तरी मी लेकीला पाच वाजता घराबाहेर हाकलतेच, गृहपाठ नंतर.

वर्षाला पाऊण नंबर ही वाढ अंगावर काढू नका. नंबर वाढायचा वेग कमी करणाऱ्या कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि या खेपेला नंबरासोबत डोळ्याची लांबी, म्हणजे अ‍ॅक्सियल लेंग्थ, मोजून मागा. आकडा फाइलला लावून ठेवा, सहा महिन्यांनी त्याच मशीनवर पुन्हा मोजता येईल.